मधु लिमये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधु लिमये यांचे नाव आज हमखास तीन ठिकाणी कानावर पडते: समाजवादी चळवळीच्या आठवणींत, जनता पक्ष कुणी फोडला या न संपणाऱ्या वादात, आणि फौजदारी न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाच्या तोंडी. तिसऱ्या ठिकाणी ते माणसाचे नाव आहे हेही पुष्कळदा कुणाच्या लक्षात नसते. ते एका निकालाचे नाव होऊन बसले आहे. विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि जुन्या राजकारणात रस असणारे वाचक त्यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर त्यांच्या नागरी स्वातंत्र्याच्या कामावर आहे, कारण महाराष्ट्रात त्यांची ओळख बहुधा ‘लोहियावादी नेते’ एवढ्यावरच थांबते.

प्रश्न : मधु लिमये कोण होते?

मधुकर रामचंद्र लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला आणि ८ जानेवारी १९९५ रोजी नवी दिल्लीत त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यसैनिक, गोवा मुक्तिसंग्रामातील सत्याग्रही, समाजवादी पक्षाचे संघटक, चार वेळा निवडून आलेले लोकसभा सदस्य आणि निवृत्तीनंतर राजकीय इतिहासाचे लेखक अशी त्यांची कारकीर्द आहे. ते कधीही मंत्री नव्हते. सत्तेचे एकही पद हाती नसताना केवळ सभागृहातील आसनाच्या आणि न्यायालयातील अर्जाच्या बळावर नागरिकांच्या हक्कांसाठी एवढे काम करणारा दुसरा मराठी संसदपटू दाखवणे अवघड आहे.

प्रश्न : मधु लिमये आणि मधू दंडवते यांच्यात नेहमी गल्लत होते. फरक काय?

दोघेही समाजवादी, दोघेही मराठी, दोघेही आणीबाणीत तुरुंगात आणि दोघेही १९७७ च्या लोकसभेत जनता पक्षाच्या बाकांवर होते, तेव्हा गल्लत होणे स्वाभाविक आहे. दंडवते हे प्राध्यापक होते, कोकणातील राजापूर मतदारसंघातून निवडून येत आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. लिमये बिहारमधील मुंगेर आणि बांका येथून निवडून आले आणि सरकारबाहेर राहून पक्षाचे सरचिटणीस झाले.

प्रश्न : त्यांचे शिक्षण कुठे झाले आणि ते राजकारणात कसे आले?

शाळा मुंबईत रॉबर्ट मनी आणि पुण्यात सरस्वती मंदिर. १९३७ साली फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश. त्या वेळी पुण्यात एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे यांच्याभोवती काँग्रेस समाजवादी पक्षाच्या तरुणांचा जो गट जमला होता, त्यात लिमये पंधरा-सोळाव्या वर्षीच सामील झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी युद्धविरोधी भाषणे केली, ऑक्टोबर १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि सुमारे वर्षभर त्यांनी धुळ्याच्या तुरुंगात काढले. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. त्यानंतर महाविद्यालयीन शिक्षणाकडे ते परतले नाहीत, पण तुरुंगात वाचनाची जी सवय लागली ती शेवटपर्यंत टिकली.

प्रश्न : नागरी स्वातंत्र्याचा त्यांचा एवढा आग्रह कुठून आला?

याचे एकच उगमस्थान दाखवता येणार नाही, पण १९४३ ते १९४५ हा काळ नीट पाहावा असे आम्ही सुचवू. ‘भारत छोडो’ चळवळीत लिमये अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली, उषा मेहता यांच्यासारख्यांबरोबर भूमिगत होते. ‘क्रांतिकारी’ हे पत्र चालवण्यातही त्यांचा भाग होता. सप्टेंबर १९४३ मध्ये एस. एम. जोशींसह ते पकडले गेले आणि जुलै १९४५ पर्यंत वरळी, येरवडा आणि विसापूर येथे स्थानबद्ध राहिले. त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले गेले नाही, साक्षीपुरावा झाला नाही आणि शिक्षाही झाली नाही. भारत संरक्षण नियमांखाली सरकारला ते डांबून ठेवणे सोयीचे वाटले, एवढेच कारण पुरेसे होते.

शिक्षा झालेल्या कैद्याला निदान आपण कधी सुटणार हे ठाऊक असते, आणि आपण काय केले असे सरकारचे म्हणणे आहे हेही ठाऊक असते. विनाचौकशी स्थानबद्धाला यातले काहीच ठाऊक नसते. पुढे स्वतंत्र भारताच्या संसदेत प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कायदा १९५० साली झाला आणि वारंवार मुदतवाढ मिळत १९६९ अखेरपर्यंत चालू राहिला. परकीय सरकारचे जे हत्यार आपण अंगावर झेलले, तेच आपल्या सरकारने उचलून कोठारात ठेवले, ही गोष्ट त्या पिढीतील अनेक काँग्रेसजनांनी राज्य चालवण्याची गरज म्हणून स्वीकारली. लिमये यांनी ती कधीच स्वीकारली नाही.

प्रश्न : गोव्यात नेमके काय घडले?

गोव्याच्या लढ्याचा आरंभच नागरी स्वातंत्र्याच्या मागणीने झाला होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्यासह मडगावात सभाबंदी मोडली. गोव्यावर सत्ता असलेल्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत परवानगीवाचून सभा घेता येत नव्हती, त्यामुळे ‘बोलू द्या, जमू द्या’ ही पहिली मागणी होती.

१९५५ साली महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरू लागल्या. मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट गेले. २५ जुलै रोजी लिमये मोठ्या तुकडीचे नेतृत्व करीत आत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारहाण केली. डिसेंबरमध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना १२ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. लिमये यांनी बचाव केला नाही आणि शिक्षेविरुद्ध दादही मागितली नाही. त्यांच्या लेखी त्या न्यायाधिकरणाला गोव्यात बसण्याचाच अधिकार नव्हता. सुमारे १९ महिने तुरुंगात काढल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये इतर सत्याग्रहींबरोबर त्यांची सुटका झाली.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पोर्तुगीज न्यायालयापुढे तोंड न उघडणारा हाच माणूस पुढे भारताच्या सर्वोच्च न्यायालयात एकामागून एक अर्ज करीत राहिला. वरवर पाहता यात विसंगती दिसेल. पण न्यायालयाला मान्यता देणे किंवा नाकारणे हे त्यांनी त्यामागे लोकांची संमती आहे की नाही यावर ठरवले, आणि एकदा मान्यता दिली की त्या न्यायालयाकडून कायद्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत हिशेब मागितला.

प्रश्न : पुण्याचा माणूस बिहारमधून खासदार कसा झाला?

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रश्न नेहमी पडतो. बिहारमध्ये तो फारसा कुणी विचारला नाही. त्या काळी समाजवादी पक्षाची मुळे बिहारच्या खेड्यांत खोलवर गेलेली होती आणि बाहेरच्या नेत्याला निवडून देण्याची तेथे जुनी रीत होती. सिंधमधून आलेले आचार्य कृपलानी सीतामढीतून, गुजराती असलेले अशोक मेहता मुझफ्फरपुरातून, आणि १९७७ साली तुरुंगात असलेले जॉर्ज फर्नांडिस मुझफ्फरपुरातूनच निवडून आले. लिमये १९६४ साली मुंगेरच्या पोटनिवडणुकीत विजयी झाले, १९६७ साली तेथूनच पुन्हा निवडून आले, १९७१ च्या इंदिरा लाटेत हरले, १९७३ साली बांकाच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतले आणि १९७७ साली बांका त्यांच्याकडेच राहिला. १९८० साली तेथे ते पराभूत झाले.

महाराष्ट्राने त्यांना लोकसभेत पाठवले नाही. याची खंत मराठी लेखांतून अधूनमधून व्यक्त होते. स्वतः लिमये यांनी भाषेच्या आणि प्रांताच्या सीमेला राजकारणात फारसे महत्त्व दिले नव्हते, आणि लोकसभेत ते हिंदीतून बोलत.

प्रश्न : संसदेत त्यांचे वेगळेपण काय होते?

वक्ते म्हणून त्यांच्याहून प्रभावी खासदार त्या लोकसभांमध्ये होते. लिमये यांचे बळ कामकाजाच्या नियमांत होते. औचित्याचा मुद्दा, हक्कभंगाची सूचना, स्थगन प्रस्ताव, अल्पसूचना प्रश्न, लक्षवेधी या साऱ्या गोष्टी बहुतेक सदस्यांना कामकाजाच्या तांत्रिक बाबी वाटतात. लिमये यांच्या हाती त्या मंत्र्याला उत्तर देणे भाग पाडणाऱ्या चाव्या होत्या. संविधान, नियमांचे पुस्तक आणि पूर्वीच्या अध्यक्षांचे निर्णय जवळ घेऊन ते उभे राहत, आणि मंत्र्याने काय सांगितले यापेक्षा काय सांगायचे टाळले यावर त्यांचे लक्ष असे. १९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाचे लोकसभेतील नेतेपद त्यांच्याकडे आले. इंदिरा गांधी यांच्या सरकारविरुद्ध १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये आणि १९७० च्या जुलैमध्ये त्यांनी अविश्वास ठराव मांडले. दोन्ही फेटाळले गेले.

१९७४ चे आयात परवाना प्रकरण हे त्यांच्या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. पुदुच्चेरीतील काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले होते आणि त्यांपैकी बहुतेक सह्या खोट्या असल्याचे पुढे आले. बिहारमधील खासदार तुलमोहन राम यांचे नाव त्यात गुंतले. आता प्रकरण न्यायालयात आहे, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला आहे, त्यामुळे सभागृहाने थांबावे, असे सरकारचे म्हणणे होते. लिमये आणि इतर विरोधी सदस्यांचे म्हणणे असे होते की खासदारांच्या सह्यांचा प्रश्न हा सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, म्हणून तपासाचे कागद सभागृहासमोर आलेच पाहिजेत. हा वाद अनेक आठवडे चालला आणि अखेर विरोधी नेत्यांना ते कागद पाहू देण्यापर्यंत सरकारला यावे लागले.

अशा माणसाला ‘किस काढणारा’ म्हटले जाणे अपरिहार्य होते, आणि तसे ते म्हटलेही गेले. आमच्या मते किस काढण्याची ही सवय आणि नागरी स्वातंत्र्याचा आग्रह या त्यांच्या ठायी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. अटकेच्या कागदावर कारण लिहिले आहे की नाही, हा प्रश्नही असाच बारीक असतो.

प्रश्न : तुरुंगातून पाठवलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, हे खरे आहे का?

होय, आणि ही हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी लिमये आणि त्यांचे सहकारी मुंगेरजवळच्या लखीसराय रेल्वे स्थानकावर पकडले गेले. तुम्हाला जामीनपात्र कलमांखाली अटक केली आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले. कोणते कलम, कोणते कृत्य, याचा पत्ता नव्हता. त्याच दिवशी लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नावे पत्र लिहिले. संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो की अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत. आम्हाला ती कळवलेली नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने ते पत्र अनुच्छेद ३२ खालील अर्ज म्हणून स्वीकारले. पत्रावरून अर्ज दाखल करून घेण्याची प्रथा जनहित याचिकांच्या काळात, म्हणजे १९८० च्या आसपास, रुळली; हे प्रकरण त्याच्या दहा-बारा वर्षे आधीचे आहे.

चौकशीत असे दिसले की पोलिसांनी सुरुवातीला जे कलम नोंदवले होते ते सरकारी आदेश मोडण्याचे, म्हणजे भारतीय दंड विधानाचे कलम १८८ होते, आणि तो गुन्हा अदखलपात्र असल्याने वॉरंटाशिवाय अटक करताच येत नव्हती. नंतर इतर कलमे पुढे करण्यात आली. सरकारचा बचाव असा होता की आता दंडाधिकाऱ्यांनी कोठडीचे आदेश दिले आहेत, त्यामुळे पूर्वीची चूक भरून निघाली. न्यायालयाने ते मान्य केले नाही. कोठडीचे आदेश यांत्रिकपणे दिलेले दिसतात, आणि संविधानाचा जो भंग अटकेच्या वेळी झाला तो अशा आदेशांनी धुऊन निघत नाही, असे ठरवून डिसेंबर १९६८ मध्ये न्यायालयाने सर्वांच्या सुटकेचा आदेश दिला. न्यायमूर्ती ग्रोव्हर यांनी लिहिलेला हा निकाल अटकेची कारणे कळवण्याच्या हक्कावरचा पायाभूत निकाल मानला जातो.

ज्यांना स्वतः पोलीस ठाण्याचा अनुभव आला आहे त्यांना यातला दंडाधिकाऱ्यांविषयीचा भाग विशेष वाटेल. आरोपीला पुढे उभे करायचे, कागदावर सही घ्यायची आणि कोठडी वाढवून परत न्यायचे, हा क्रम एवढा सवयीचा झालेला असतो की ती सही म्हणजे एक न्यायिक निर्णय आहे, याचा विसर पडलेला असतो.

प्रश्न : कलम १४४ रद्द व्हावे म्हणून त्यांनी खटला लढवला होता. तो ते जिंकले का?

मुख्य मुद्द्यावर हरले. फौजदारी प्रक्रिया संहितेतील जमावबंदीचे कलम १४४ आणि शांतता राखण्यासाठी जामीन मागण्याची कलमे ही भाषण व सभा स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहेत, असा त्यांचा दावा होता. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७० च्या ऑक्टोबरमध्ये ही कलमे घटनात्मक ठरवली. मात्र जमावबंदीचा अधिकार तातडीच्या प्रसंगासाठी आहे, दंडाधिकाऱ्याने तो वस्तुस्थिती पाहूनच वापरला पाहिजे आणि त्याच्या आदेशाला वरच्या न्यायालयात आव्हान देता येते, या अटींवरच न्यायालयाने त्याला मान्यता दिली. शिवाय चौकशी सुरू न करताच आधी हंगामी जातमुचलका मागायचा आणि तो दिला नाही म्हणून तुरुंगात टाकायचे, ही पद्धत न्यायालयाने बेकायदा ठरवली. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना गप्प बसवण्यासाठी तालुक्याच्या पातळीवर नेमके हेच हत्यार वापरले जात असे, त्यामुळे हरलेल्या खटल्यातली ही जीत लहान नव्हती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जुने कलम १४४ आता कलम १६३ झाले आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही ‘एकशे चव्वेचाळीस लागले’ असेच येते, आणि १९७० चा निकाल नव्या कलमाच्या वादांतही वाचला जातो.

प्रश्न : वकील ज्या ‘मधु लिमये निकाला’चा उल्लेख करतात तो हाच का?

नाही; तो बहुधा १९७७ चा असतो. सप्टेंबर १९७४ मध्ये लिमये यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन महाराष्ट्राचे तेव्हाचे विधिमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर टीका केली. राज्य सरकारने सरकारी वकिलामार्फत मुंबईच्या सत्र न्यायालयात अब्रुनुकसानीची तक्रार दाखल केली. ही तक्रार चालवण्याचा न्यायालयाला अधिकारच नाही, असा आक्षेप लिमये यांनी घेतला. तो फेटाळला गेल्यावर ते उच्च न्यायालयात गेले. तेथे उत्तर मिळाले की अंतरिम आदेशाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या न्यायालयाचा आदेश तपासून पाहण्याची विनंती, करण्यास तेव्हा नव्या असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बंदी आहे, म्हणून अर्ज चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७७ मध्ये सांगितले की जो आदेश अंतिम नाही तो आपोआप ‘अंतरिम’ ठरतो असे नाही. या दोहोंच्या मध्ये पडणारेही आदेश असतात. खटला मुळातच चालू शकत नाही असा आक्षेप फेटाळणारा आदेश हा तसा मधला आदेश आहे. आणि न्यायप्रक्रियेचा गैरवापर थांबवण्याचा उच्च न्यायालयाचा अंतर्निहित अधिकार, म्हणजे तेव्हाचे कलम ४८२ आणि आताचे कलम ५२८, त्या बंदीमुळे नाहीसा होत नाही. प्रकरण गुणवत्तेवर ऐकण्यासाठी उच्च न्यायालयाकडे परत पाठवण्यात आले. खोट्या किंवा सूडाच्या फिर्यादीत अडकलेला कोणीही माणूस उच्च न्यायालयात धाव घेतो तेव्हा त्याचा वकील बहुधा या निकालाचा आधार घेतो. त्यामागे एका खासदाराची पत्रकार परिषद होती, हे त्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नसते.

प्रश्न : आणीबाणीत त्यांनी लोकसभेचा राजीनामा का दिला? ते तर आधीच तुरुंगात होते.

जुलै १९७५ मध्ये त्यांना मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी डांबून ठेवण्याची मुभा देणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, अटक झाली आणि फेब्रुवारी १९७७ पर्यंत मध्य प्रदेशातील वेगवेगळ्या तुरुंगांत ठेवण्यात आले. तुरुंगात असलेल्या खासदाराने राजीनामा देऊन काय साधणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

उत्तर समजण्यासाठी तारीख लक्षात घ्यावी लागते. १९७१ साली निवडलेल्या पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत १८ मार्च १९७६ रोजी संपत होती. आणीबाणी जारी असताना संसद कायदा करून ही मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवू शकते, अशी तरतूद अनुच्छेद ८३ मध्ये आहे. तिचा वापर करून सरकारने मुदत वाढवली, आणि वर्षाच्या अखेरीस पुन्हा वाढवली. म्हणजे कृती कायद्याच्या चौकटीतली होती. लिमये यांचा आक्षेप नैतिक होता: लोकांनी मला पाच वर्षांसाठी निवडले, सहाव्या वर्षाचा जनादेश माझ्याकडे नाही, आणि ज्या सभागृहाने विरोधकांना कोंडून स्वतःचे आयुष्य वाढवून घेतले त्याचा सदस्य म्हणून राहणे म्हणजे त्या वाढीला मूक संमती देणे होय. त्यांनी राजीनामा पाठवला. १९७४ साली जबलपूरहून निवडून आलेले आणि त्या वेळी तुरुंगातच असलेले तरुण शरद यादव यांनीही तसेच केले.

बाकीचे विरोधी खासदार त्यांच्यामागून गेले नाहीत. त्यांची बाजूही पोकळ नव्हती: सभागृहातली उरलीसुरली जागा आपणहून का सोडायची, आणि बाहेर ऐकायला तरी कोण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सेन्सॉरशिप असल्यामुळे राजीनाम्याचा गाजावाजा होणार नव्हता, सरकार हलणार नव्हते, आणि खासदारकीबरोबर येणारे वेतनही जाणार होते. व्यवहाराच्या हिशेबात ही कृती निष्फळ होती. तरीही आमच्या मते लिमये यांच्या सगळ्या कारकिर्दीचा अर्थ एका कागदात पाहायचा असेल तर तो कागद हा राजीनामा आहे. सरकारने कायद्याचे अक्षर पाळले होते. आयुष्यभर अक्षराचा आग्रह धरणाऱ्या माणसाने येथे अक्षर पुरेसे नाही असे सांगितले.

प्रश्न : ४४ वी घटनादुरुस्ती त्यांनी केली का?

एका व्यक्तीला हे श्रेय देणे बरोबर नाही; ती जनता सरकारने १९७८ साली केली आणि त्या वेळी लिमये सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस होते. ४२ व्या दुरुस्तीने सहा वर्षे केलेली लोकसभेची मुदत तिने पुन्हा पाच वर्षांवर आणली. ‘अंतर्गत अशांतता’ या ढगळ कारणाऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे कारण घातले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना आणीबाणीत न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही असे ठरवले होते. त्याची पुनरावृत्ती टाळण्यासाठी जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज झाली. मात्र त्याच दुरुस्तीतला प्रतिबंधात्मक स्थानबद्धता सौम्य करणारा भाग आजतागायत अंमलात आणलेला नाही. संसदेने मंजूर केला, पण तो लागू करण्याची अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही, आणि या बाबतीत सर्व पक्षांचे दुर्मीळ एकमत दिसते.

प्रश्न : ते मंत्री का झाले नाहीत?

१९७७ साली त्यांना मंत्रिपद देऊ करण्यात आले होते. त्यांनी ते नाकारले. त्यांच्याऐवजी समाजवादी गटातून रायपूरचे पुरुषोत्तम कौशिक मंत्रिमंडळात गेले.

प्रश्न : जनता पक्ष त्यांनीच फोडला, हा आरोप कितपत खरा आहे?

१९७८–७९ मध्ये लिमये यांनी ‘दुहेरी सदस्यत्वा’चा मुद्दा लावून धरला: जनता पक्षाच्या सदस्याला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सदस्य राहता येणार नाही. पूर्वीच्या जनसंघाच्या नेत्यांनी हे मान्य केले नाही. १५ जुलै १९७९ रोजी मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला, चरणसिंग यांचे सरकार लोकसभेला सामोरे जाण्याआधीच कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या.

लिमये यांचा विरोध ऐनवेळचा नव्हता. १९३७ च्या पुण्यातील मे दिनाच्या मिरवणुकीवर संघाच्या आणि सावरकरवादी लोकांनी हल्ला केला, त्यात सेनापती बापट आणि एस. एम. जोशी जखमी झाले, असे त्यांनी १९७९ च्या एका लेखात लिहिले आहे. आपले मतभेद तेव्हापासूनचे आहेत असे त्यांचे सांगणे होते. बिगरकाँग्रेसवादासाठी, म्हणजे काँग्रेसविरुद्ध सर्व पक्षांची एकजूट करण्यासाठी, जनसंघाशी हातमिळवणी करण्याबाबत लोहियांशीही त्यांचे पटले नव्हते. दुसरीकडे हेही खरे की मोरारजी, चरणसिंग आणि जगजीवनराम यांच्यातील पंतप्रधानपदाची स्पर्धा या मुद्द्यावाचूनही पक्षाला पोखरतच होती. आमचे मत असे की फूट पाडल्याचा संपूर्ण दोष लिमये यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, पण त्यातला त्यांचा वाटा नाकारणेही प्रामाणिकपणाचे नाही. ज्या सरकारने मिसा रद्द केला आणि नागरिकांचे हक्क परत केले, त्याचे आयुष्य कमी होण्यास नागरी स्वातंत्र्याच्या या पुरस्कर्त्याचा हातभार लागला.

प्रश्न : सामाजिक न्यायाबद्दल त्यांची भूमिका काय होती?

१९५८–५९ मध्ये ते लोहियांच्या समाजवादी पक्षाचे अध्यक्ष असताना १९५९ च्या बनारस अधिवेशनात, त्यांच्या पुढाकाराने, मागास घटकांना विशेष संधी देण्याचा ठराव झाला. शंभरापैकी साठ जागा दलित, आदिवासी, मागास जाती, स्त्रिया आणि अल्पसंख्याकांतील मागास यांना मिळाव्यात, ही समाजवाद्यांची घोषणा पुढे उत्तर भारताच्या राजकारणाला वळण देणारी ठरली. निवृत्तीनंतर लिमये यांनी डॉ. आंबेडकरांच्या कार्यावरही लेखन केले.

प्रश्न : त्यांनी निवृत्तिवेतन घेतले नाही, असे म्हणतात. खरे का?

खरे. स्वातंत्र्यसैनिकाचे सन्मान वेतन आणि माजी खासदाराचे निवृत्तिवेतन, दोन्ही त्यांनी नाकारली. १९५२ साली त्यांचा विवाह प्राध्यापिका चंपा गुप्ते यांच्याशी झाला होता. तुरुंग, सत्याग्रह आणि दौरे यांत नवऱ्याची वर्षे जात असताना संसाराचा भार चंपाताईंवर पडला, हे लिमये यांच्या साधेपणाचे गोडवे गाताना सहसा सांगितले जात नाही.

प्रश्न : राजकारण सोडल्यावर त्यांनी काय केले?

१९८२ साली ते सक्रिय राजकारणातून बाहेर पडले आणि दिल्लीतील लहानशा घरात वाचन-लेखनात रमले. इंग्रजी, हिंदी आणि मराठी मिळून त्यांची साठाहून अधिक पुस्तके आहेत. अभिजात हिंदुस्थानी संगीताचा त्यांना विशेष नाद होता. टपाल खात्याने १९९७ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

प्रश्न : त्यांचे निकाल वाचायचे झाले तर ते कोणत्या नावाने शोधावेत?

विद्यार्थी येथे नेहमी अडखळतात, कारण तिन्ही निकालांत नाव तेच आहे. अटकेच्या कारणांचा निकाल ‘इन री मधु लिमये’ या नावाने १९६९ च्या अहवालांत छापलेला आहे, जरी तो डिसेंबर १९६८ मध्ये दिला गेला. जमावबंदी आणि जातमुचलक्याचा निकाल ‘मधु लिमये विरुद्ध उपविभागीय दंडाधिकारी, मुंगेर’ असा आहे. जुन्या अहवालांत मुंगेरचे इंग्रजी स्पेलिंग ‘मोंघीर’ असे वाचले जाईल अशा पद्धतीचे असल्याने शोध फसतो. उच्च न्यायालयाच्या अंतर्निहित अधिकाराचा निकाल ‘मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा आहे, आणि नुसते नाव टाकले तर बहुधा हाच सर्वांत वर येतो.